दिल्ली ते ताश्कंद फक्त १,५८० किमी, तरी विमान का रद्द झालं?

दोन विमानतळांची नावं टाकली की सेकंदात अंतर आणि वेळ सांगणाऱ्या साइट्स तुम्ही वापरल्या असतील. दिल्ली ते ताश्कंद टाकून बघा: साधारण १,५८० किमी. म्हणजे दिल्लीहून चेन्नईपेक्षाही जवळ! तरीही एप्रिल २०२५ मध्ये इंडिगोला ही फ्लाइट रद्द करावी लागली. कारण कंपनीनेच सांगितलं: आपल्याकडच्या विमानांच्या पल्ल्यात ताश्कंद राहिलेलं नाही.

मग अ‍ॅप खोटं बोलतं का? नाही. त्याचा हिशोब वेगळा आहे.

अ‍ॅप काय मोजतं?

अ‍ॅप दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतं आणि पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरचं सगळ्यात कमी अंतर काढतं. वेळ काढताना बऱ्याच साइट्स त्याला ताशी ८००-९०० किमी अशा ठरलेल्या वेगाने भागतात. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर असं मोजलं तर सुमारे १२,४०० किमी येतं. ताशी ९०० किमी वेग धरला, तर पावणेचौदा तास.

या गणितात वारा नाही आणि देशांच्या सीमाही नाहीत.

वारा काय करतो?

आपल्या आणि अमेरिकेच्या अक्षांशांवर उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को फ्लाइट अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेली. रस्ता सुमारे १,४०० किमीने वाढून १५,३०० किमी झाला, पण वारा पाठीशी असल्यामुळे विमान साडेचौदा तासांत पोचलं. आधीच्या मार्गापेक्षा जवळपास दोन तास लवकर! थोडक्यात, लांबचा रस्ताही लवकर पोचवू शकतो.

आणि सीमा?

पहलगाम हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपलं आकाश बंद केलं. ३० एप्रिलला भारतानेही तेच केलं. दिल्लीहून मध्य आशियाकडे जाणारी जवळची वाट पाकिस्तानवरूनच जाते. ती बंद झाली आणि ताश्कंद नकाशावर होतं तिथेच राहून 'लांब' गेलं.

मोठ्या पल्ल्याच्या विमानांनाही फटका बसला. वळसा म्हणजे जास्त इंधन, आणि टाकीला मर्यादा असते. दिल्ली-वॉशिंग्टन फ्लाइट इंधनासाठी व्हिएन्नात थांबू लागली. १ सप्टेंबर २०२५ पासून एअर इंडियाने ती बंदच केली. बोइंग ७८७ विमानं नूतनीकरणासाठी गेल्यामुळे पडलेली कमतरता हे एक कारण होतं, आणि बंद आकाश हे दुसरं.

तुम्ही काय बघायचं?

परदेशात शिकायला निघाला असाल, तर पुढची फ्लाइट ठरवताना अंतराच्या साइटवरची वेळ धरू नका. फ्लाइट ट्रॅकिंग अ‍ॅपवर फ्लाइट नंबर टाका आणि गेल्या आठवड्यात ती खरोखर किती तासांत पोचली ते बघा. फ्लाइट नंबर एकच असला तरी मध्ये थांबा आहे का, तेही तपासा. शक्यतो सगळा प्रवास एकाच बुकिंगवर घ्या. दोन वेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही, आणि नव्या तिकिटाचे पैसे तुमच्याच खिशातून जातात.