किलोला काय पडतं?

विंचूरच्या कांदा आवारात ट्रॉली लिलावाला लागली की आमच्या घरच्यांचं लक्ष बोलीवरून हलत नाही. क्विंटलमागे दहा-वीस रुपये इकडेतिकडे झाले तर त्याची चर्चा रात्रीच्या जेवणापर्यंत चालते. हिशोबपट्टी हातात आली की वजन, हमाली, तोलाई सगळं दोनदा वाचलं जातं, आकडा खटकला तर तिथल्या तिथे विचारलं जातं. त्याच पैशातून किराणा भरताना मात्र आम्ही फक्त एकूण बिल किती झालं ते ऐकतो आणि कागद पिशवीत टाकतो. विकताना क्विंटलचा भाव बघणाऱ्यांनी घेताना किलोचा भाव बघितलाच पाहिजे, एवढं एकच मला सांगायचं आहे.

दुकानात आपल्याला दाखवली जाते ती सूट. ‘एमआरपीवर 20 टक्के कमी’, ‘दोनावर एक फुकट’ अशा पाट्यांपुढे हात आपोआप फळीकडे जातो. पण एमआरपी ही जास्तीत जास्त घेता येणारी किंमत आहे. तिच्याखाली विकायला दुकानदाराला कुणी अडवत नाही, आणि मुळात किंमत चढी छापली असेल तर सूट देऊनही माल महागच पडतो. सूट किती मिळाली यावरून बचत कळत नाही. शेजारच्या दुसऱ्या पाकिटाच्या तुलनेत किलोला किती पडलं, यावरूनच ती कळते.

केंद्र सरकारनं नोव्हेंबर 2021 मध्ये पॅकबंद मालाचे नियम बदलले. चहा, बिस्किटं, खाद्यतेल, साबण अशा ठरावीक वस्तू ठरावीक वजनांतच विकण्याचं जुनं बंधन काढून टाकलं. म्हणून आज फळीवर 500 ग्रॅमच्या शेजारी 435 किंवा 460 ग्रॅमचं पाकीट दिसू शकतं, आणि दोन्ही हातात सारखीच वाटतात. त्याच बदलात एक चांगली गोष्टही आली: पाकिटावर एका मापाचा भाव छापणं सक्तीचं झालं. किलोपेक्षा जास्त वजन असेल तर किलोचा, कमी असेल तर ग्रॅमचा. गोम तिथेच आहे. एका पाकिटावर ग्रॅमला 0.36 रुपये आणि दुसऱ्यावर 0.42 असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. सहा पैशांचा फरक बघून कुणी थांबत नाही. हजारानं गुणलं की तोच फरक किलोमागे 60 रुपये होतो.

तेलाच्या डब्याचं तर मी प्रत्येक बाईला सांगते. दुकानात दोन डबे शेजारी ठेवलेले असतात. एक 15 किलोचा, दुसरा 15 लिटरचा. ‘ताई, हा न्या, शंभरानं स्वस्त आहे,’ असं म्हणून लिटरचा डबा पुढे सरकवला जातो. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. म्हणजे 15 लिटरच्या डब्यात तेल असतं 13 किलो 650 ग्रॅम. किलोचा डबा 2,400 रुपयांना आणि लिटरचा 2,300 ला धरून बघा. पहिल्यात किलोला 160 रुपये पडतात, दुसऱ्यात 168 च्या वर. शंभर रुपये वाचले म्हणत घरी आणलेला डबाच महागाचा निघतो. डब्यावर वजन लिहिलेलं असतं. ते शोधून वाचायचं आणि किमतीला त्यानं भागायचं. हिशोब जमत नसेल तर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहे.

मोठं पाकीट म्हणजे स्वस्त, हा समजही तपासून घ्यावा. शाम्पूच्या छोट्या पुड्या कित्येकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात. तसंच सुट्या मालाचं. जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पॅकबंद धान्यावर, डाळींवर, पिठावर 5 टक्के जीएसटी लागला. पोत्यातून तोलून दिलेल्या सुट्या धान्याला तो नाही. त्यामुळे नीट पाखडून, निवडून घेता येत असेल तर सुटी डाळ आणि गिरणीतलं दळण यांत खरी बचत आहे. तिथेही भाव विचारायचा आणि काटा शून्यावर आहे ना, ते आधी बघायचं.

मला जास्त लागतं ते वेगळंच. कांद्याच्या खळ्यावर निवडणीला येणाऱ्या बाया संध्याकाळी रोज हातात पडल्यावर दुकानात जातात आणि दहाची हळद, दहाचा चहा, वीसचा साबण घेतात. दहा रुपयांना 20 ग्रॅम हळद म्हणजे किलोला 500 रुपये. सुटी हळद त्याहून किती कमीला येते, ते कुठल्याही दुकानात विचारून बघावं. त्यात 10 ग्रॅम आणि त्याखालच्या पुड्यांना पॅकबंद मालाच्या नियमांतूनच सूट आहे, म्हणजे मापाचा भाव छापायची सक्तीही नाही. ज्यांच्याकडे एकरकमी पैसे आहेत त्यांना माल स्वस्त मिळतो आणि रोजावर जगणाऱ्या बाईला तोच महाग पडतो. ‘बचत करा’ असा उपदेश तिला करण्यात काही अर्थ नाही. तिच्याकडे कमी आहे ती एकदम मोजायची रक्कम, अक्कल नव्हे.

यावर उपाय महाराष्ट्रानंच दाखवून दिलेला आहे. 1975 मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनं शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ केले, महिन्याची यादी एकत्र केली, माल ठोक भावात घेतला आणि आपसात वाटला. मुंबईच्या चाळीत जे जमलं ते गावात जमायला काय हरकत आहे? आमच्या बचत गटातल्या आम्ही काही जणी साखरेचं 50 किलोचं पोतं आणि तेलाचा डबा मिळून घेतो, तोलून वाटून घेतो. निवडणीच्या बायांना यात आणायचं असेल तर आठवड्याला थोडे थोडे पैसे घ्यायची सोय ठेवावी लागेल. गटाची अंतर्गत कर्जं आपण देतोच, मग किराण्याला का नाही?

दुकानदारांकडेही माझं एक मागणं आहे. फळीवर प्रत्येक मालाखाली किलोचा भाव मोठ्या आकड्यांत, मराठीत लिहा. कायद्याची सक्ती पाकिटापुरती असेल, पण खडू आणि पाटीला खर्च येत नाही. ज्याचा भाव सरळ आहे त्याला यात भिण्यासारखं काही नाही, उलट त्याचंच गिऱ्हाईक वाढेल. छापील किमतीपेक्षा जास्त कुणी मागितलं तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तो दुकानातच लावा. 24 डिसेंबरला ग्राहक दिनाची भाषणं होतात. यंदा विंचूरमध्ये भाषणांऐवजी या पाट्या लागाव्यात, आणि पहिली पाटी दहा रुपयांच्या पुड्यांखाली लागावी.