अठराव्या वर्षानंतर

इंदूरच्या एका बालगृहात मुलांची आरोग्य-तपासणी करण्यास मी गेली अनेक वर्षे जातो. दिवाळीच्या सुमारास तेथे फराळाचे डबे, नवे कपडे आणि छायाचित्रकार यांची रीघ लागते. आपल्या मंडळाचेही डबे त्यांत असतात. तेव्हा पुढील टीका प्रथम माझ्यावरच आहे.

ब्रिटनमधील जॉन लुईस या दुकानांच्या साखळीची २०२२ च्या नाताळातील जाहिरात मध्यंतरी पाहण्यात आली. एक मध्यमवयीन गृहस्थ स्केटबोर्ड शिकण्यासाठी धडपडतो, पुनःपुन्हा आपटतो. (आमच्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांना त्यात निराळाच रस वाटेल!) अखेरीस दारात समाजसेविकेबरोबर एक किशोरी उभी राहते, हातात स्केटबोर्ड. प्रतिपालक म्हणून तिला सांभाळण्याचे या कुटुंबाने पत्करलेले असते.

जाहिरात ती जाहिरातच. विक्रीवर डोळा असणारच. परंतु त्याच वर्षी या कंपनीने देणग्यांवर न थांबता, अशा व्यवस्थेत वाढलेल्या तरुणांना आपल्याकडे नोकरी देण्याचे कार्य हाती घेतले. कंपनीची मालकी कर्मचाऱ्यांच्या वतीने एका न्यासाकडे आहे आणि तेथे कर्मचाऱ्यास 'भागीदार' म्हणतात. ज्याला आपले म्हणावे असे घर नाही, त्याच्या कानाला हा शब्द कसा लागत असेल!

आपल्याकडेही बालन्याय अधिनियम, २०१५ च्या ४६ व्या कलमानुसार अठरा वर्षे पूर्ण करून संस्था सोडणाऱ्यास आर्थिक साहाय्य देता येते. प्रत्यक्षात मला आठवतो तो एक मुलगा. त्याच्या दम्यावर मी सातव्या वर्षापासून उपचार केले होते. संस्था सोडल्यावर तो दवाखान्यात आला आणि केसपेपरवर आता पत्ता कोणता लिहावा, असे त्याने मला विचारले. मी त्याला पंप दिला, काही नोटा हातावर ठेवल्या आणि पुढच्या रुग्णास आत बोलावले.

आपल्यापैकी कित्येकांची स्वतःची रुग्णालये आहेत, प्रयोगशाळा आहेत. तेथे माणूस ठेवताना आपण 'कोणाच्या ओळखीचा आहे?' असे विचारतो. या मुलांच्या बाबतीत अडते ते नेमके तेथेच. ती ओळख देण्याचे काम मंडळाने करावे, असा प्रस्ताव मी येत्या वार्षिक सभेत मांडणार आहे. फराळाचे डबे अवश्य जावोत. माझ्या दवाखान्यातील नोंदणीची जागा मात्र मी तूर्त भरलेली नाही.