बुलेट घ्या, पण दुसरी गाडी म्हणून

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, नथ घालून बुलेटवर निघालेल्या बायकांचे फोटो आपण दरवर्षी पेपरात पाहतो. (हेल्मेटच्या जागी फेटा असतो, ते वेगळंच!) गिरगाव-डोंबिवलीचं हे दृश्य आता तालुक्याच्या गावीही दिसतं. मग घरातली एखादी लेक किंवा सूनबाई म्हणते, 'शिकायची तर बुलेटच!' त्यावर दोनच सूर निघतात. एक, 'बाईमाणसाला ती झेपायची नाही.' दुसरा, 'घे गं बिनधास्त!' मैत्रिणींनो, मला दोन्ही पटत नाहीत.

प्रश्न बाई-पुरुषाचा नाहीच, नवशिक्याचा आहे. बारावी झाल्यावर लेकाला थेट साडेतीनशे सीसीची गाडी घेऊन देतात, तेव्हा 'झेपेल का रे?' असं कोण विचारतं? खरं तर त्यालाही विचारायला हवं. स्कूटी काय किंवा शंभर सीसीची गिअरची गाडी काय, वजन ११० किलोंच्या आसपास. साडेतीनशे सीसीची बुलेट १९० किलोंच्या पुढे. मोकळ्या रस्त्यावर हे वजन जाणवत नाही. ते जाणवतं बाजाराच्या गर्दीत गाडी वळवताना, स्पीडब्रेकरपाशी, पावसाळ्यात चिखलात पाय टेकताना. गाडी एकदा जास्त कलली की पैलवानालाही आवरत नाही.

आणखी एक गोष्ट. स्कूटीवर डावा हात म्हणजे ब्रेक, मोटरसायकलवर तिथेच क्लच. दहा वर्षं स्कूटी चालवलेल्या बाईच्या समोर अचानक कुत्रं आलं, की सवयीने डावा हात आवळला जातो. गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी पुढे धावते. ही सवय मोडायला वेळ लागतो, आणि तो हलक्या गाडीवर गेलेला बरा.

युरोपात तरुण चालकांना कायदाच पायऱ्या घालून देतो. आधी १२५ सीसीपर्यंतची, मग मध्यम ताकदीची, मोठी त्यानंतर. आपल्याकडे गिअरच्या दुचाकीचं लायसन्स मिळालं, की १०० सीसी काय नि ६५० काय, सगळं चालतं. म्हणून पायरी आपणच घालून घ्यायची. लायसन्स फक्त बिनगिअरचं असेल तर मात्र बुलेटला हात लावू नका. अपघात झाला तर विम्याचे पैसेही अडकू शकतात.

घरात भावाची, दिराची शंभर सीसीची गाडी असतेच. सकाळी शाळेच्या मैदानावर तीच घ्या. वेगाचं सोडा, अगदी हळू चालवायचा सराव करा, खरं कसब तिथेच लागतं. आयएसआय मार्कचं हेल्मेट घाला, ओढणी घट्ट खोचा. पाच-सहा महिने बाजारहाट, नोकरी, सगळं त्याच गाडीवर होऊ दे.

मग खुशाल बुलेट बघायला जा. सीटवर बसून दोन्ही पाय नीट टेकतात का पाहा. खाली उतरून ती एकटीने चार पावलं मागे ढकलून पाहा. सेल्समन धरायला धावेल, त्याला जरा लांबच उभं राहायला सांगा.