विश्लेषण : पोलीस श्वानपथकात देशी श्वान किती उपयोगी? जात महत्त्वाची की तयारी?

घरफोडीच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते. 'श्वानपथकाला पाचारण करण्यात आले, मात्र श्वान मुख्य रस्त्यापर्यंत जाऊन घुटमळले.' घटना छत्रपती संभाजीनगरातील असो, जालन्यातील असो वा बीडमधील, वाचणाऱ्याला वाटते की श्वान अपयशी ठरला. प्रत्यक्षात त्या घुटमळण्यातून अनेकदा एक धागा मिळतो. चोर तिथपर्यंत पायी आला आणि तिथून वाहनात बसला असण्याची शक्यता दिसते. मग त्या ठिकाणचे सीसीटीव्ही तपासायचे हे पोलिसांना कळते.

हे काम आजवर प्रामुख्याने लॅब्रॉडॉर, डॉबरमन, जर्मन शेफर्ड अशा परदेशी जाती करत आल्या. गेल्या काही वर्षांत मुधोळ हाउंडसारख्या देशी श्वानांना सुरक्षा दलांत आणण्याचे प्रयत्न सुरू आहेत. ते कितपत व्यवहार्य आहेत?

देशी श्वानांची चर्चा कशी सुरू झाली?

या विषयाला मराठवाड्याचा थेट संदर्भ आहे. 30 ऑगस्ट 2020 च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी बीड पोलिसांच्या रॉकी या श्वानाचा उल्लेख केला. 300 हून अधिक गुन्ह्यांच्या उकलीत मदत केलेल्या रॉकीला बीड पोलिसांनी सन्मानाने अखेरचा निरोप दिला होता. त्याच कार्यक्रमात लष्कराच्या सोफी आणि विदा यांचेही कौतुक झाले आणि नागरिकांनी देशी जातीचे श्वान पाळावेत, असे आवाहनही झाले.

गंमत अशी की सोफी कॉकर स्पॅनियल होती, तर जमिनीखाली पुरलेले पाच सुरुंग आणि एक हातबॉम्ब शोधणारी विदा लॅब्रॉडॉर. म्हणजे आवाहन देशी जातींचे होते, पण लष्कराने गौरवलेल्या दोघी परदेशी जातींच्या होत्या.

त्यानंतर चित्र थोडे बदलले. रामपूर हाउंड, राजपालयम, मुधोळ हाउंड आणि हिमालयीन जाती पोलीस कामासाठी तपासून पाहण्याचे धोरण केंद्रीय गृह मंत्रालयाने स्वीकारले. 2024 च्या अखिल भारतीय पोलीस कर्तव्य मेळाव्यात सीमा सुरक्षा दलाची रिया ही मुधोळ हाउंड माग काढण्याच्या प्रकारात पहिली आली आणि मेळाव्यातील सर्वोत्कृष्ट श्वानही ठरली. तिने मागे टाकलेले 116 श्वान परदेशी जातींचे होते.

कोणत्या कामाला कोणती जात?

पोलीस श्वानांची कामे ढोबळमानाने चार : गुन्हेगाराचा माग काढणे, स्फोटके शोधणे, अमली पदार्थ शोधणे आणि हल्ला किंवा पहारा. प्रत्येक कामाला वेगळा स्वभाव लागतो.

स्फोटके शोधणाऱ्या श्वानाने गर्दीत शांत राहायला हवे, अनोळखी माणसांवर भुंकायला नको. वस्तू सापडली की तिला तोंड किंवा पंजा न लावता जागीच बसायला हवे. लॅब्रॉडॉर इथे सरस ठरतो. तो माणसाळलेला असतो, खाऊ आणि खेळण्यासाठी दिवसभर काम करायला तयार असतो. विमानतळाच्या रांगेत किंवा वेरूळच्या लेण्यांतील पर्यटकांमध्ये असाच श्वान चालतो.

डॉबरमन चपळ असल्याने गुन्ह्याचा माग काढण्यासाठी वापरला गेला. मुंबई पोलिसांच्या श्वानपथकाची सुरुवात 1959 मध्ये तीन डॉबरमननीच झाली. जर्मन शेफर्ड माग, पहारा, हल्ला अशी अनेक कामे करतो. बेल्जियन मॅलिनॉ त्याच्याहून हलका आणि झपाट्याने झेपावणारा, त्यामुळे दहशतवादी लपलेल्या घरात आधी त्याला पाठवतात. 2022 मध्ये काश्मीरमधील चकमकींत प्राण गमावलेले लष्कराचे अ‍ॅक्सेल आणि झूम हे दोघे मॅलिनॉच होते.

मग सगळ्यांत मोठे यश कोणाचे?

महाराष्ट्रात आजही नाव निघते ते झंजीरचे. हा लॅब्रॉडॉर पुण्यातील सीआयडीच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकला आणि डिसेंबर 1992 मध्ये मुंबईच्या बॉम्बशोधक व नाशक पथकात दाखल झाला. अडीच महिन्यांतच, 12 मार्च 1993 रोजी, साखळी स्फोट झाले. त्यानंतरच्या शोधमोहिमांत त्याच्या नावावर 3,329 किलो आरडीएक्स, 600 डिटोनेटर, 249 हातबॉम्ब आणि 6,406 जिवंत काडतुसे नोंदली गेली. नोव्हेंबर 2000 मध्ये हाडांच्या कर्करोगाने त्याचा मृत्यू झाला.

झंजीरच्या यशामागे त्याची जात होती, तसेच प्रशिक्षण आणि रोज त्याच्यासोबत राहणारा हँडलरही होता. श्वान कान, शेपटी, श्वास यांतून जे सांगतो ते वाचता येणारा माणस नसेल, तर उत्तम नाकही वाया जाते.

मुधोळ हाउंडची जमेची बाजू काय?

मुधोळ हे उत्तर कर्नाटकातील घोरपडे घराण्याचे जुने मराठा संस्थान. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी शिकारी समाजाकडील हे श्वान जोपासले आणि त्यांना संस्थानाचे नाव मिळाले. दख्खनमध्ये त्यालाच कारवान किंवा कारवानी म्हणून ओळखतात. उंच पाय, सडपातळ अंग, आखूड केस आणि सशाच्या मागे सुसाट धावण्याची ताकद ही त्याची ओळख.

मराठवाड्याच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ऊन. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशी ओलांडतो. श्वान अंग थंड ठेवण्यासाठी तोंडाने धापा टाकतो आणि धापा टाकताना त्याला नीट हुंगता येत नाही. म्हणजे तापलेल्या श्वानाचे नाकही कमी चालते. दाट, दुहेरी केसांच्या जर्मन शेफर्डपेक्षा दख्खनच्या उन्हात घडलेला श्वान इथे अधिक टिकण्याची शक्यता आहे.

मग अडचण कुठे आहे?

मुधोळ हा मुळात डोळ्यांनी शिकार हेरणारा श्वान. त्याची पिढ्यानपिढ्या निवड झाली ती वेगासाठी. हुंगण्याची चिकाटी आणि माणसाच्या आज्ञेत राहणे हे गुण त्याच्यात निवडून वाढवले गेले नाहीत. लॅब्रॉडॉर आणि जर्मन शेफर्ड यांच्या कामाच्या वंशावळी शंभरहून अधिक वर्षे नोंदवल्या आणि पारखल्या गेल्या आहेत. हलणारे काही दिसले की धावत सुटणारा श्वान बॉम्बशोधक पथकात धोकादायक ठरू शकतो.

रियाचे यश म्हणूनच महत्त्वाचे आहे. मुधोळमध्येही उत्तम माग काढणारे श्वान मिळू शकतात, हे तिने दाखवले. पण एका श्वानावरून सगळ्या जातीचा निष्कर्ष काढता येत नाही. चांगले काम करणाऱ्या श्वानांचीच पिल्ले घेऊन, त्यांची पुन्हा चाचणी करून, पिढ्यांची नोंद ठेवावी लागेल. हे काही वर्षांचे, संयमाचे काम आहे.

न्यायालयात श्वानाच्या मागाला किती वजन?

चूक झाली तर किंमत माणसाला मोजावी लागते. महाराष्ट्रातील एका खटल्यात 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने या पुराव्यावरील आक्षेपांची दखल घेतली होती. श्वान साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही, त्याची उलटतपासणी होऊ शकत नाही, आणि माणसाचे स्वातंत्र्य श्वानाच्या अंदाजावर अवलंबून असू नये, असे ते आक्षेप होते. पुढच्या निकालांतही न्यायालयाने हेच धरून ठेवले. श्वानाचा माग तपासाला दिशा देऊ शकतो, पण त्यावर दोषसिद्धी उभी राहत नाही. श्वान एखाद्या दारापाशी थांबला म्हणून त्या घरातील माणूस गुन्हेगार ठरत नाही, हे गावात आणि गल्लीत लक्षात ठेवायला हवे.

सामान्य नागरिकाने काय करावे?

श्वान देशी असो वा परदेशी, त्याला ताजा गंध लागतो. माणसाच्या तुलनेत त्याच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी कित्येक पटींनी जास्त असतात, पण चोरीनंतर घरात पन्नास शेजारी फिरून गेले, कपाट पुसले गेले किंवा अंगणात सडा पडला, तर त्याचाही नाइलाज होतो. त्यामुळे घरफोडी लक्षात आल्यावर कशालाही हात न लावता बाहेर यावे, दार ओढून घ्यावे, 112 वर कळवावे आणि पोलीस येईपर्यंत कुणालाही आत जाऊ देऊ नये.