अँग्लो-सॅक्सन नाणी: सापडलेला खजिना लपवला, तर इतिहासाचं काय बिघडतं?

वजन जेमतेम दीड ग्रॅम, वय अकराशे वर्षांहून जास्त. चांदीची ही पातळ 'पेनी' मिळवण्यासाठी संग्राहक हजारो पौंड मोजतात.

2015 साली इंग्लंडमध्ये अशा नाण्यांचे दोन साठे सापडले. दोन्ही 870 च्या दशकाच्या आसपासचे आणि दोन्ही मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या हौशी लोकांना मिळालेले.

एक जाहीर केला, दुसरा लपवला

ऑक्सफर्डशायरमधल्या वॉटलिंग्टनजवळचा साठा शोधणाऱ्यानं जाहीर केला. ॲशमोलियन संग्रहालयानं 2017 मध्ये तो 13.5 लाख पौंडांना घेतला.

हेरफर्डशायरचा साठा मात्र लपवला गेला. त्यात सुमारे 300 नाणी असावीत, असा अंदाज आहे. हाती लागली फक्त 31. मोबाइलमधून डिलीट केलेले फोटो पोलिसांनी परत मिळवले आणि बिंग फुटलं. 2019 मध्ये शोधणाऱ्या दोघांना तुरुंगवासाची शिक्षा झाली.

नियम काय आहे?

तिथल्या 1996 च्या कायद्यानुसार असा खजिना सापडल्यास 14 दिवसांत कळवावं लागतं. संग्रहालयानं तो घेतला, तर बक्षिसाची रक्कम सहसा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटली जाते. म्हणजे प्रामाणिकपणे सांगूनही पैसे मिळतातच.

नुकसान कोणाचं?

वेसेक्सचा राजा आल्फ्रेड 'द ग्रेट' म्हणून ओळखला जातो. त्याच्या काळात लिहिल्या गेलेल्या बखरीत शेजारच्या मर्सियाचा राजा केओलवुल्फ दुसरा हा व्हायकिंगांच्या हातातलं बाहुलं ठरला. पण नाणी वेगळंच सांगतात. दोन्ही राजांनी एकाच नक्षीची नाणी पाडली. रोमन नाण्यावरून घेतलेल्या या नक्षीत दोन सम्राट शेजारी शेजारी बसलेले दिसतात. म्हणजे हे दोघे काही काळ मित्रपक्ष होते. बखरीतून मात्र ही मैत्री गायब झाली.

अशी नाणी पूर्वी मोजकीच माहीत होती. त्यामुळे चोरबाजारात गेलेल्या प्रत्येक नाण्याबरोबर पुरावाही जातो. कुठे, कशासोबत पुरलं होतं, हे नंतर कळत नाही.

संग्राहकांनी काय पाहावं?

2023 मध्ये डरहॅममध्ये आणखी दोघे दोषी ठरले. आरोप खणण्याचा नव्हता. गुन्ह्यातून आलेली सुमारे 7 लाख 66 हजार पौंडांची 44 नाणी विकू पाहण्याचा होता.

त्यामुळे नाण्याच्या चकाकीआधी त्याची कागदपत्रं पाहायला हवीत. ते कधी सापडलं, कुठे नोंदवलं, आधी कोणाकडे होतं? विक्रेत्याकडे याची उत्तरं नसतील, तर सौदा कितीही स्वस्त वाटला तरी महागच पडू शकतो.