सुरी घेण्यापूर्वी धार लावणारा शोधा

आम्ही कापडाचे व्यापारी. ताग्याचा पोत बोटांना कळतो, पण रंग पक्का की कच्चा हे कापड धुतल्यावरच समजते. सुरीचेही तसेच आहे. नवी असताना प्रत्येक सुरी कापते. खरी परीक्षा पहिली धार गेल्यावर होते.

टेंभुर्णीत आमच्या घरी पूर्वी एक विळी आणि गोश्तासाठी एक जाड सुरी असे. आता स्वयंपाक ओट्यापाशी उभ्याने होतो, म्हणून सूनबाईंनी जपानी सुरी मागवली. आठ दिवसांत आम्ही तिने हाड तोडायला गेलो आणि पात्याचा टवका उडाला. दोष सुरीचा नव्हे, आमचा होता.

जर्मन पद्धतीच्या सुऱ्यांचे पोलाद रॉकवेल मापाने साधारण ५६ ते ५८ कठीण असते, जपानी सुऱ्यांचे बहुधा ६० किंवा त्याहून अधिक. कठीण पोलादाला बारीक धार येते आणि ती टिकते. पण ते ठिसूळही असते. हाड, बर्फासारखे गोठलेले गोश्त, नारळ यांवर ती चालवू नये. बकरी ईदच्या कामाला आपली जाड सुरी आणि सत्तूरच बरे.

घरगुती वापरासाठी तीन नावे लक्षात ठेवावीत. नाकिरी निव्वळ भाजीची. ग्युतो लांब, टोकदार, सराव असलेल्या हाताची. सांतोकू आखूड, भाजी, मासळी आणि बिनहाडाचे गोश्त या तिन्हींना चालणारी. एकच घ्यायची तर सांतोकू घ्यावी, तीही गंज न धरणाऱ्या पोलादाची. साधे कार्बन पोलाद कांद्या-लिंबाने काळवंडते. ते प्रत्येक वेळी धुऊन, पुसून ठेवावे लागते.

आता मुद्द्याची गोष्ट. तो टवका घासून काढायला आम्हाला ओळखीत कोणी मिळेना. गल्लीत चाक घेऊन येणारा धारवाला कधीचा दिसेनासा झाला. फिरत्या कोरड्या चाकावर पाते तापले तर पोलादाचे पाणी उतरते. जपानी सुरीला भिजवलेला, हजार नंबरचा दगड आणि सावकाश हात लागतो. म्हणून आमचे मत असे, की किमतीआधी धार कोण लावणार हे विचारावे. उत्तर नसेल तर महागडी सुरी घेऊ नये.

कारागीर बांधवांनी यात आपला धंदा पाहावा. जपानमधील सेकी हे तलवारींचे गाव. १८७६ साली तलवार लावून फिरण्यास बंदी आली, तेव्हा तिथले कारागीर स्वयंपाकघरातील सुऱ्यांकडे वळले. आपल्याकडे मिरजेत हत्यारांचे काम करणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडवायला घेतली. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हुनर तेच, गिऱ्हाईक नवे.

शिकलगारांच्या मुलांनी दगडावरची धार शिकून घ्यावी. भांड्यांच्या दुकानदारांनी सुरीबरोबर दगड ठेवावा आणि धार लावून देण्याची जबाबदारी घ्यावी. सुरी माणूस एकदाच घेतो. धारेसाठी मात्र पुन्हा पुन्हा येतो.