बाटल्या विका, ताट विचारू नका

चंद्रपुरात बाईचे केस गळायला लागले की पहिला आरोपी ठरलेला: बोअरचं पाणी. मग कोळशाची धूळ, मग शाम्पू. या तिघांची उलटतपासणी झाली की ती बायोटिनच्या गोळ्या आणि कांद्याचं तेल घेऊन घरी येते. गेल्या तीन महिन्यांत ताटात काय होतं, हे कुणी विचारत नाही. तीन महिने मुद्दाम म्हणते. अन्न तुटलं की शरीर हृदय-मेंदू सांभाळतं आणि केसांची वाढ थांबवतं. कंगव्यात पुंजके येतात ते दोन-तीन महिन्यांनी. तोवर 'डाएट' विसरलेलं असतं.

त्या डाएटच्या आड कधीकधी अॅनोरेक्सिया असतो. हाडं दिसू लागली तरी मुलगी स्वतःला जाडच समजते, पाळी थांबते, डोकं विरळ होतं आणि अंगावर मात्र बारीक लव उगवते. आपल्या घरात तिला लपायला जागाही ऐसपैस: सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र. न जेवणाऱ्या मुलीचं आपण कौतुक करतो, जेवून ओकणारीला 'पित्त झालंय' म्हणतो. आणि याला श्रीमंतांचे चोचले म्हणणाऱ्यांनो, हा मनाचा आजार आहे आणि तो जीव घेतो.

आता गडचिरोलीकडे या. भामरागड-एटापल्लीकडच्या पाड्यांवर बाळाला प्रथिनं मिळाली नाहीत, तर त्याचे काळे केस भुरे, गवतासारखे होतात, नुसतं ओढलं तरी हातात येतात. त्यावर तेलाची जाहिरात येत नाही, कारण गिऱ्हाईक नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुजी आणि १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बाया रक्तक्षयी निघाल्या. लोह कमी असलं की केस गळतात, हे शिकलेल्या बायांनाही माहीत नसतं. आदिवासी भागातल्या गरोदर बाईला एक वेळचं चौरस जेवण देण्यासाठी सरकारला २०१५ मध्ये अमृत आहार योजना काढावी लागली. तिच्या ताटाबद्दल याहून स्पष्ट कबुली कोणती हवी?

डिसेंबर २०२४ मध्ये शेगाव तालुक्यात माणसांना भराभर टक्कल पडलं, तेव्हा कॅमेरे धावले, दिल्लीचं पथक आलं. तिथंही आधी पाणी आणि शाम्पूच पकडले गेले. रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं डॉ. हिंमतराव बावस्करांनी, ते नंतर. ताटाचा नंबर आपल्याकडे शेवटीच.

म्हणून डॉक्टरांना एक विनंती: बाटली लिहून देण्याआधी 'काय खातेस, किती खातेस' एवढं विचारा, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. आणि आईबापांनो, मुलगी ताटावरून उठून जात असेल तर तिला ओरडू नका, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.